डाव्या तोंडाच्या गोगलगायी

१

बीदरच्या प्रदर्शनात काचेच्या पेटीपुढं सुभद्राबाई उभी राहिली आणि तिनं पायातली चप्पल काढली. चोरीच्या मालापुढं चप्पल काढणारी बाई राजूबाईनं आख्ख्या नोकरीत बघितली नव्हती.

"ह्योच अक्का," सुभद्राबाई म्हणाली. "माझ्या राजश्रीचा थाळा."

परातीएवढा बिदरी थाळा होता. काळाभोर. त्यात चांदीच्या तारेनं भरलेलं एक तळं. लव्हाळे, माशांचे काटे, आणि जिकडंतिकडं गोगलगायींचे शंख. खाली कानडीत आणि इंग्रजीत पाटी : 'तळं. कल्पना आणि काम, नरसिंग मास्तर, बीदर.' राजश्रीचं नाव कुठंच नव्हतं. नसणारच. मेलेल्या पोरीचं नाव खोडायला रबरसुद्धा लागत नाही, नुसतं न लिहिलं की झालं.

राजूबाई पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेली. बसवकल्याणकडच्या शेतकऱ्याची लेक, तोंडाची फटकळ. ठाण्यात ज्यांना बसायला खुर्ची मिळत नाही ती माणसं तिच्याकडं येतात. सुभद्राबाईला ठाण्यात सांगितलं होतं, तुमच्या पोरीचा थाळा अर्धा होता ना? हा तर पूर्ण आहे. मग हा तुमचा कसा?

"नीट सांग," राजूबाई म्हणाली. "पहिल्यापासून."

"पोरगी उन्हाळ्यात तापानं गेली. थाळा अर्धा झालता. वरचं तिनं भरलं, खाली नुसत्या गोल खुणा करून ठेवल्या, इथं शंख, इथं शंख. मी कापडात गुंडाळून पेटीत ठेवला. वर तिचा लॅपटॉप. मागल्या महिन्यात पेटी उघडली, तर कापड हाय, थाळा न्हाई."

"कुलूप तोडलं?"

"न्हाई की. चावी खिळ्याला असती."

"लॅपटॉप?"

"हाय तिथंच. त्येची वायर तेवढी गेली. हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली वायर."

राजूबाईनं मान वर केली. लॅपटॉप ठेवून अर्धवट थाळा नेणारा चोर! असला चोर तिनं पाळलासुद्धा असता.

"घरात कोण असतं?"

"मीच. ह्येंनी नरसिंग मास्तराकडंच कामाला. आठवडाभर हितं बीदरला वर्कशॉपात पडून असत्यात, रविवारी गावाकडं राजेश्वरला येत्यात. हात सोन्याचा होता त्येंचा. पण पोरगी गेल्यापासून कोरायचं कलम धरत न्हाईत. थाळे काळे करायची माती तेवढी उकळत्यात. दोघं बापलेक वरीसभर धड बोलत नव्हते अक्का. ह्येंनी तिला बी.एस्सी. केलं, हात काळे होऊ नयेत म्हणून. आन् ती फिरून ह्याच कामात आली."

मग सुभद्राबाईनं पिशवीतून एक दगड काढला. पांढरट, दोन मुठींएवढा. निंबर्ग्याला राजश्रीच्या मामाच्या विहिरीच्या खोदकामात, काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये सापडलेला. राजश्री सांगायची, माणूस नव्हता तेव्हा हितं आगीचा रस वाहिला, थिजला, त्यावर पाणी साचलं, तळी झाली, गोगलगायी आल्या. मग पुन्हा आग आली. दोन आगींच्या मधल्या वेळातली तळी ती. दगडभर त्याच गोगलगायी होत्या, दगड होऊन बसलेल्या.

"घरी दाराला लावलेला असतो, वाऱ्यानं आपटू नये म्हणून," सुभद्राबाई म्हणाली. "रोज दावायची मला. डोळे झाकून सांगीन कुठला शंख कुठं हाय."

प्रदर्शन भरवणारी मैत्रेयी घाईघाईनं आली. हैदराबादहून आलेली, बोलणं स्वच्छ. "बाई, मला वाईट वाटतंय. पण मास्तरांनी पूर्ण झालेला थाळाच आणून दिला. हा दगड मी आज पहिल्यांदा पाहतेय. सोमवारी थाळा दिल्लीला जाईल. त्याआधी पुरावा द्या, मी पाटी बदलते."

 राजूबाई दगड काचेला लावून बघत होती. शंखाचं टोक वर आणि उघडं तोंड आपल्याकडं धरलं, की दगडातल्या प्रत्येक शंखाचं तोंड डाव्या हाताला येत होतं. थाळ्याच्या वरच्या अर्ध्यात तसंच. डावं, डावं, डावं.

खालच्या अर्ध्यात सगळी तोंडं उजवीकडं होती.

"सुभद्रे," ती हळूच म्हणाली, "ह्या थाळ्यावर दोन माणसांचे हात पडलेत."

२

बसस्टँडजवळ शिवराजचं दुकान. लग्नपत्रिका, फ्लेक्स, आधार कार्डाचे फोटो. राजश्रीचं कॉम्प्युटरवरचं काम त्याच्याबरोबर चालायचं. राजूबाईला बघून तो उभा राहिला आणि उभाच राहिला.

"तिच्याशी लग्न करणार होतास म्हणं?"

"घरी बोलणार होतो अक्का."

"कवा? पुढल्या जन्मी?"

त्याचं तोंड पडलं. घरात बौद्धाची पोरगी आणायची म्हटल्यावर ह्या पोराच्या जिभेला गाठ बसली होती, आणि गाठ सुटायच्या आत पोरगी गेली. राजूबाईला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण कामाचं आधी.

"थाळा तू पुरा केलास?"

"मला कलम धरता येत न्हाई. मी इथलं बघायचो." त्यानं स्क्रीनकडं बोट केलं. "फोननं दगडाचे चहूबाजूंनी फोटो काढायचो. त्यातून इथं दगड उभा करायचो, फिरवता येईल असा. त्यावरून ती एकेक शंख रेघांत काढायची. हे बघा."

स्क्रीनवर एक शंख आला. राजूबाई पुढं झुकली.

"तोंड उजवीकडं हाय."

"हाव. मी उलटं करून ठेवलंय. सगळेच."

"कामून?"

शिवराजनं उत्तर देण्याऐवजी शंख चकचकीत कागदावर छापला. कपाटातून इस्त्री काढली. तिचीच होती ती, कडेला जळल्याचा डाग. डब्याच्या झाकणावर कागद पालथा घातला, छापलेली बाजू खाली, आणि वरून इस्त्री दाबून धरली. कागद सोलला तशी शाई झाकणावर उतरली होती.

तोंड डावीकडं.

"कागद पालथा पडतो ना अक्का. म्हणून चित्र आधीच उलटं करून ठेवायचं. मग धातूवर सुलटं उतरतं. ही तिची युक्ती. जुने कारागीर असं करत न्हाईत, ते बघून हातानंच काढतात."

राजूबाई झाकणाकडं बघत राहिली. म्हणजे ज्यानं खालचा अर्धा भरला, त्यानं राजश्रीच्या लॅपटॉपातली हीच उलटी चित्रं घेतली. इस्त्रीची युक्ती त्याला ठाऊक नव्हती. स्क्रीनवर बघितलं तसं हातानं काढलं, जुन्या कारागिरासारखं.

"तिचा लॅपटॉप?"

"ती गेल्यावर मीच राजेश्वरला नेऊन दिला."

"हे उलटं ठेवायचं अजून कुणाला ठावं?"

"मला आन् तिला."

तो रडायला लागला. राजूबाई उठली. शिवराज सुटला होता. ज्याला युक्ती माहीत तो असली चूक करत नाही. पण दारात पोचल्यावर तो मागून बोलला ते ऐकून ती थबकली.

"अक्का, युक्ती नसली म्हणून काय झालं? दगड एकदा जरी हातात घेतला असता, तरी त्या माणसानं उजवी तोंडं काढली नसती. ती भेटेल त्याला दगड दावायची. बस कंडक्टरलाबी. न बघितलेला माणूस तुम्ही कुठून हुडकणार?"

३

नरसिंग मास्तराच्या वर्कशॉपात नवसागराचा उग्र वास. किल्ल्यातली जुनी माती पाण्यात उकळत होती. त्यात बुडवला की धातू काळा पडतो आणि चांदी तशीच राहते. मास्तर लोडाला टेकून बसले होते. मनगटाला पट्टा.

"हौ, मीच केला. वरून खालपर्यंत. आता क्या बोलते बोला."

"दगड बघून केला?"

"बघून."

राजूबाईनं पिशवीतून लग्नपत्रिका काढली, मागची कोरी बाजू वर केली, पेन दिलं. "मग त्यातला एक शंख काढून दावा. आठवणीनं."

मास्तर हसले. पेन धरताना हात थरथरला, पण डोळ्यांत चित्र पक्कं होतं. टोक वर. तोंड डावीकडं.

"मला काय शिकवताय! उलटी गोगलगाय म्हणून राजश्रीला मीच चिडवायचो. दगड इथं घेऊन यायची. सगळ्या पोरांनी हातात धरून बघितलाय."

"मग खालच्या अर्ध्यात तुमच्या गोगलगायी उजव्या कशा झाल्या?"

मास्तरांचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यांनी थाळा एवढा बघितलाच नव्हता. आणलेला माल बघायचा, पॉलिश बघायचं, नाव टाकायचं. बास.

"हात थरथरतोय तुमचा," राजूबाई म्हणाली. "ती तार ह्या हातानं बसायची न्हाई. कुणी भरलं?"

"बाई, माझ्या वर्कशॉपात बनलं ते माझ्या नावानं जातं. माझ्या बापाच्या टायमापासून असंच हाय. कारागिराचं नाव कधी पडलंय का कुठं? पडलंय का? मग ह्या पोरीचंच कामून?"

"तिनं दगडातून काढलं म्हणून. तुमच्या बापानं न्हाई काढलं."

मास्तरांनी मनगटाचा पट्टा घट्ट केला. मग मान फिरवून म्हणाले, "एक सांगतो. ज्यानं तो आणला, त्यानं चोरून न्हाई आणला. जास्त इचारू नक्को."

राजूबाई निघाली. पोरं खाली मान घालून ठोकत होती. एका कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवलेली एक बसायची जागा रिकामी होती. तिथं जेवणाचा डबा, घडी केलेला टॉवेल. आणि वरच्या प्लगला लोंबणारी एक वायर.

वायरीला हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

"ही जागा कुणाची रे?" तिनं विचारलं. एकानंही मान वर केली नाही.

४

राजेश्वरला जाताना हुमनाबादच्या बसमध्ये राजूबाई खिडकीला डोकं टेकून बसली. जांभ्याची लाल जमीन मागं गेली, काळी लागली. दगड मांडीवरच्या पिशवीत. सुभद्राबाई शेजारी, डोळे मिटून.

तिला तीनच गोष्टी लागत होत्या. पेटीची चावी कुठं असते ते माहीत असलेला. कलम धरता येणारा. आणि दगड कधीच न बघितलेला. शिवराजला कलम येत नाही. मैत्रेयीनं दगड बघितला नव्हता, पण तिला ना कलम येतं ना चावी माहीत. मास्तरांना दगड पाठ. राहिला एकच, आणि त्याच्याच दाराला तो दगड तीन पावसाळे टेकलेला होता.

असं कसं होईल? तिला स्वतःचंच पटेना. दाराला लावलेला दगड माणूस बघितल्याशिवाय राहील कसा?

राजेश्वरला घराचं दार वाऱ्यानं आपटत होतं. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि खाली राजश्रीचा फोटो, हसताना डोळे बारीक झालेला. रविवार होता. भीमराज जमिनीवर बसला होता. पन्नाशीचा, नखांत कायमचा काळा रंग.

"जय भीम," तो म्हणाला.

"जय भीम. सुभद्रे, च्या टाक."

सुभद्राबाई आत गेली. राजूबाईनं काही विचारलं नाही. पिशवीतून दगड काढला आणि त्याच्या पुढ्यात धरला.

"धरा."

"कामून?"

"धरा म्हणते ना."

त्यानं धरला. आधी नुसता धरला, नजर दुसरीकडं. मग अंगठा हलला. कारागिराचा अंगठा, त्याला खाचखळगा सोडवत नाही. एक शंख सापडला. टोक, मग वळसे, मग तोंड. दुसरा. तिसरा. त्यानं दगड उजेडाकडं नेला, फिरवला, पालथा केला. 

"सगळेच डावे?"

"सगळेच."

"एकबी उजवा न्हाई?"

"न्हाई दादा."

दार आपटलं. त्यानं अंगठा पुन्हा पहिल्या शंखावर नेला. मग अगदी बारीक आवाजात, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "मग मी उलटं केलं."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. सुभद्राबाई उंबऱ्यात उभी होती.

"तुमी?"

भीमराजनं मान उचलली नाही. "तिनं खुणा करून ठेवलत्या. म्हणलं, पुरं करावं. एवढं तरी करावं. एका रविवारी थाळा आन् लॅपटॉप पिशवीत घालून नेला, पुढल्या रविवारी लॅपटॉप आणून ठेवला. वायर तिथंच ऱ्हायली. पोरं गेल्यावर बसायचो. वरचे शंख डावे हायत ते दिसलं मला. पण कॉम्प्युटरात उजवे होते. म्हणलं, तिला दोन्ही पायजे असतील. तिच्या मनात काय होतं मला काय ठावं? मी कवा इचारलं?"

"मी रिकाम्या पेटीपुढं बसून रडायलते," सुभद्राबाई म्हणाली, "तवा तुमी हितं जेवायलता."

"पुरा करून तुज्यापुढं ठेवणार होतो. मास्तर म्हणला, दिल्लीला पाठवू, पोरीचं नाव टाकू. मग पाटी लागली. मला कानडी वाचता येतंय. वाचली मी."

"आन् गप बसलात."

"गप बसलो."

"मास्तराला भ्यालात."

"मास्तराला न्हाई गं." पहिल्यांदाच त्याचा आवाज फुटला. "तुला सांगावं लागलं असतं ना, की मीच नेला. मग तू म्हणली असतीस, जित्ती असताना एक डाव बघितलं न्हाई, आन् आता मेल्यावर भरत बसलाय."

 सुभद्राबाईला तेच म्हणायचं होतं, ते त्यानं आधीच म्हणून टाकलं होतं.

राजूबाईला मात्र राहवेना. "तीन पावसाळे दारात हाय हा दगड. एकदाबी वाकून बघितलं न्हाई?"

"दर रविवारी म्हणायची. अप्पा, एकदा हातात घ्या. मी ओलांडून जायचो. रागानं. म्हणायचो, तुला शिकवलं ते दगड हुडकायला का? शेवटी ताप डोक्यात गेलता तवाबी म्हणली, अप्पा, दगड. मला वाटलं, पोरगी बरळायली."

त्यानं दगड छातीशी धरला. वाऱ्यानं दार पुन्हा आपटलं.

५

सोमवारी खोका बांधायला माणसं आली तेव्हा भीमराज काचेच्या पेटीपुढं उभा राहिला. हातात दगड. मास्तर, मैत्रेयी, शिवराज, चारदोन बघे.

त्याला भाषण येत नव्हतं. त्यानं दगड काचेवर ठेवला आणि बोटानं दाखवत गेला. "हे वरचे, दगडातल्यासारखे. हे माझ्या लेकीचे. हे खालचे, उलटे. हे माझे. ज्याला दगड ठावं त्येच्या हातून असं होत न्हाई. मास्तरांना दगड ठावं हाय. म्हणून हे त्येंचे न्हाईत. मी ह्येच्याकडं कधी बघितलंच न्हाई, म्हणून हे माझे."

असला कबुलीजबाब राजूबाईनं उभ्या नोकरीत ऐकला नव्हता. माणसं गुन्हा नाकारायला पुरावे देतात. हा बाप आपलीच चूक बोटानं मोजून दाखवत होता, लेकीचं नाव सुटावं म्हणून.

"भीम्या," मास्तर म्हणाले, "उद्यापासून येऊ नक्को."

"न्हाई येत."

मैत्रेयीनं शब्द पाळला. पाटी काढली आणि नवी लिहायला बसली. मग पेन थांबवून म्हणाली, "राजश्री, आणि काम पूर्ण करणारे म्हणून भीमराज. दोन्ही नावं देऊ या. आणि दादा, खालचे शंख सुधारता येतील का? तार काढून पुन्हा भरली तर? दिल्लीला कुणीतरी जाणकार चूक काढेल."

"माझं नाव नगं," भीमराज म्हणाला. "कारागिराचं नाव पडत न्हाई. आजपर्यंत न्हाई पडलं, आता ह्या कामावर तर नगंच. तार काढतो. एका दिवसात सगळं सुलटं करून देतो."

त्यानं खिशातून कलम काढलंसुद्धा. सुभद्राबाईनं त्याचं मनगट धरलं. कालपासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सुधारायची वेळ व्हती तवा सुधारलं न्हाई. आता कुणाला बरं वाटावं म्हणून?"

तिनं क्षमा केली का, असं बघ्यांपैकी एकानं राजूबाईला नंतर विचारलं. राजूबाई म्हणाली, तुला बाईचा नुसता आवाज ऐकू आला का? ती काय म्हणाली ते न्हाई?

नव्या पाटीवर एकच नाव लागलं. सुभद्राबाईनं पुन्हा चप्पल काढली, नावावरून बोट फिरवलं, आणि थाळा खोक्यात गेला. अर्धा डावा, अर्धा उजवा.

महिन्याभरानं राजूबाई बसवकल्याणला जाताना वाटेत राजेश्वरला उतरली. सुभद्राबाई मजुरीला गेली होती. भीमराज घरात एकटा, मांडीवर दगड, अंगठा एका शंखावरून दुसऱ्यावर. शेजारी एका पत्र्यावर त्यानं शंख कोरले होते, ओळीनं, डाव्या तोंडाचे. शेवटचा अजून अर्धा होता.

दार आपटत होतं.

"एखादा धोंडा लावा की दाराला," राजूबाई म्हणाली. "गावात दगड कमी पडलेत का?"

"न्हाई," तो म्हणाला. "वाजू दे. हाक मारल्यागत वाटतंय."

आणि प्रत्येक आपटीला तो मान वर करून दाराकडं बघत होता.